बोलकी पुस्तके : कमी खर्चात कशी ऐकावीत?



या पानावर नेहमी बेणे, खत आणि पाणी यांचा विचार असतो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. गट बैठक संपली की अलीकडे काही सभासद मोबाईलवर पुस्तके ऐकण्याबद्दल विचारतात. अक्षर दिसेनासे झालेली वडीलधारी माणसे घरोघर आहेत. दारं धरणाऱ्याचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. खुरपणी, गुरे आणि चूल सांभाळणाऱ्या आयाबायांना पुस्तक घेऊन बसायला सवड कुठली? या सर्वांना बोलक्या पुस्तकांचा उपयोग आहे. अडचण येते ती खर्चाची. पैसे कशाचे जातात आणि फुकट काय मिळते, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून ही माहिती देत आहे.

ऐकणे आपल्याला नवे नाही

पुस्तक कानाने घेण्याची रीत आपल्या जिल्ह्यात जुनी आहे. नेवाशाला ज्ञानेश्वर माऊलींनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, ती शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये. राहुरी तालुक्यातील ताहाराबादच्या महिपतींचा भक्तिविजय गावोगाव पोहोचला तोही पोथी लावून. एकाने वाचायचे आणि सगळ्या आळीने ऐकायचे. एका पोथीत पन्नास माणसांचे काम भागत असे.

१९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे त्यात होती आणि आपला नगर जिल्हा त्यांपैकी एक होता. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम लागे. गावकरी एका रेडिओभोवती बसून ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. खर्च एका रेडिओचा, लाभ गावाचा. ही दृष्टी आजही ठेवली तर पुष्कळ पैसे वाचतील.

हिशेब तासाचा करावा

उसाचा खर्च आपण एकरी लिहितो, पण परवडला की नाही ते टनामागे काढल्यावर कळते. पुस्तकाचेही तसेच आहे. महिन्याची वर्गणी किती, यापेक्षा ऐकलेल्या एका तासाला किती पडले ते बघावे. समजा, वर्गणी महिना १५० रुपये आहे. रोज एक तास ऐकले तर तासाला ५ रुपये पडतात. महिन्यात तीनच तास ऐकले तर तोच तास ५० रुपयांना पडतो. वर्गणी महाग होते ती न ऐकल्यामुळे.

दुसरा खर्च डेटाचा. सेकंदाला ६४ किलोबिट या साध्या प्रतीच्या ध्वनिमुद्रणाला तासाला सुमारे २९ एमबी डेटा लागतो. दहा तासांचे पुस्तक ३०० एमबीच्या आत बसते. तेच यूट्यूबवर चित्रासह लावले तर कितीतरी पट डेटा जातो. तेथे ऐकायचेच असेल तर चित्राची प्रत सर्वांत खालची ठेवावी. जेथे वायफाय आहे तेथे पुस्तक एकदाच उतरवून घ्यावे, म्हणजे शिवारात रेंज नसली तरी अडत नाही. ३२ जीबीच्या एका कार्डावर या प्रतीचे हजार तासांहून अधिक वाचन मावते.

बिनपैशाचे मार्ग

पहिला मार्ग रेडिओचा. त्याला डेटा लागत नाही. आकाशवाणीच्या मराठी केंद्रांवर शेतीच्या कार्यक्रमांबरोबर भाषणे आणि श्रुतिकाही असतात.

दुसरा मार्ग मोबाईलकडूनच वाचून घेण्याचा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये मराठी मजकूर मोठ्याने वाचण्याची सोय आहे. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी या सदरात सिलेक्ट टू स्पीक चालू करावे आणि वाचनाची भाषा मराठी निवडावी. ई-साहित्य प्रतिष्ठानसारखी संस्था मराठी पुस्तके मोबाईलवर विनामूल्य देते, त्यांना ही सोय लावून बघा. आवाज यंत्राचा असल्याने थोडा कोरडा वाटतो, पण माहितीच्या पुस्तकाला चालतो. पानांचे फोटो काढून केलेल्या पुस्तकावर मात्र हे वाचन अडखळते.

तिसरा मार्ग लहान मुलांसाठी. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोष्टी फुकट मिळतात. मराठी गोष्टीही तेथे आहेत.

चौथा मार्ग ज्यांना दिसत नाही किंवा फार कमी दिसते त्यांच्यासाठी. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाईन ग्रंथालय २०१६ साली सुरू झाले. छापील अक्षर वाचू न शकणाऱ्यांना ते विनामूल्य आहे. दृष्टिदोषाचा दाखला जोडून सभासद होता येते. ज्यांना केवळ मोतीबिंदू आहे त्यांनी आधी डोळे तपासून घ्यावेत. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते.

घरचे वाचन, घरचे मुद्रण

सर्वांत स्वस्त बोलके पुस्तक घरातच तयार होते. शाळेत जाणाऱ्या नातीने रोज वीस मिनिटे मोठ्याने वाचावे आणि मोबाईलच्या रेकॉर्डरवर घ्यावे. दोनशे पानांच्या पुस्तकात साधारण पन्नास हजार शब्द धरले आणि मिनिटाला सव्वाशे शब्द वाचले, तर पावणेसात तास होतात. वीस मिनिटांप्रमाणे वीस-एकवीस दिवसांत पुस्तक पुरे. मुलीचे वाचन सुधारते आणि आजोबांना ओळखीचा आवाज मिळतो.

असे मुद्रण गावभर वाटायचे असेल तर पुस्तक हक्कमुक्त असले पाहिजे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांची पुस्तके २०११ पासून हक्कमुक्त आहेत. नगर आणि राहुरीत राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा मूळ मजकूरही मोकळा आहे. मात्र दुसऱ्याने केलेल्या ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे असतात. व्हॉट्सॲपवर फिरणारी नव्या पुस्तकांची चोरटी मुद्रणे घेऊ नयेत. आपल्या फडातला ऊस कोणी रात्री मोडून नेला तर कसे वाटते, तेच येथे लेखकाचे आणि वाचकाचे होते.

वर्गणी भरायचीच असेल तर

स्टोरीटेलने २०१७ साली भारतात सेवा सुरू केली, तेव्हापासून तेथे मराठी पुस्तके आहेत. कुकू एफएमवरही मराठी मिळते. आवाज चांगल्या कलावंतांचे असतात, त्यामुळे कादंबरी ऐकायला गोडी वाटते. पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी बघाव्यात.

१. हव्या त्या पुस्तकांची यादी आधी करावी आणि ती तेथे आहेत का ते शोधावे.
२. फक्त भारतीय भाषांची स्वस्त योजना आहे का ते विचारावे.
३. वर्षाची वर्गणी एकदम भरू नये. एक महिना ऐकून, तासाचा दर काढून मग ठरवावे.
४. फुकट किंवा एक-दोन रुपयांच्या चाचणीला भुलू नये. त्या वेळी ऑटोपेला होकार दिलेला असतो आणि मुदत संपली की खात्यातून पूर्ण वर्गणी कापली जाते. नुसते ॲप काढून टाकल्याने ही कपात थांबत नाही. आपल्या यूपीआय ॲपमधील ऑटोपे या सदरात जाऊन ती रद्द करावी लागते. कपातीपूर्वी किमान २४ तास सूचना येते, तो संदेश न वाचता पुसू नये.

ज्यांनी पूर्वी असे काही घेतले असेल त्यांनी आजच पासबुक चाळून पाहावे. दरमहा ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम जात असेल तर कारण शोधावे. लहान गळतीनेही टाकी रिकामी होते.

जपून ऐका

रात्रीची वीज असली की पाणी भरताना ऐकण्याचा मोह होतो. आपल्या भागात उसात बिबट्याचा वावर आहे. रात्री शिवारात कानात बोंडे घालू नयेत. ऐकायचेच तर फोनचा आवाज उघडा ठेवून खिशात ठेवावा, म्हणजे आसपासची चाहूल लागते आणि आपलीही चाहूल जनावराला जाते. विजेच्या पेटीशी काम करताना फोन बंद असावा. ट्रॅक्टर-ट्रॉली चालवताना तर कान रस्त्यावरच हवेत.

गटातील चार-सहा घरांनी मिळून आठवड्यातून एकदा पारावर किंवा देवळात एखादे हक्कमुक्त पुस्तक लावले, तर वृद्धांना सोबत आणि मुलांना गोडी दोन्ही मिळेल. ज्यांना मोबाईलवर वाचनाची सोय लावून हवी असेल किंवा नको असलेला ऑटोपे कुठे रद्द करायचा ते बघायचे असेल, त्यांनी गट कार्यालयात यावे. येताना घरातील एखाद्या शाळकरी मुलाला बरोबर आणावे, म्हणजे पुढच्या वेळी त्यालाच ते करता येईल. पिन किंवा ओटीपी मात्र कोणालाही सांगू नये, आमच्या कर्मचाऱ्यालासुद्धा नाही.

— ऊस विकास अधिकारी