बटण दाबलं, तरी दिवा लागला नाही

आजचा भाग घरातल्या स्मार्ट दिव्यांवर. "कुठला बल्ब घेऊ?" हा प्रश्न तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलाय. त्यावर बोलूच. पण आधी माझी एक चूक सांगतो, कारण ती चूक माझ्या आजीच्या मनगटावर निघाली.

आमचं घर साताऱ्याला, मी नोकरीला पुण्यात. मागच्या दिवाळीत घरी जाताना चार वाय-फाय बल्ब घेऊन गेलो. हॉल, ओटी, देवघराबाहेर आणि आजीच्या खोलीपासून न्हाणीपर्यंत जाणाऱ्या बोळात. ओटीचा दिवा सूर्यास्ताला आपोआप लागेल असं सेट केलं. ॲप आपल्या गावाचा सूर्यास्त बघतं, त्यामुळे डिसेंबरात दिवा सहाच्या सुमारास लागतो आणि जूनअखेरीस सव्वासातच्या आसपास. वेळ बदलत बसावी लागत नाही. बोळातला दिवा रात्री ११ ला आपोआप बंद. घरात सगळे खूश. आजी म्हणाली, "बरं झालं बाबा, तिन्हीसांजेला उठायला नको."

दोनच दिवसांनी पहाटे तीनला लाइट गेली आणि आली. आल्याबरोबर चारही बल्ब एकदम फुल पेटले. अख्खं घर जागं! मी ॲपमध्ये शोधलं तर एक सेटिंग सापडलं: वीज परत आल्यावर बल्बने काय करायचं? 'पेटायचं' की 'आधी जसा होता तसाच राहायचं'? मी दुसरं निवडलं. चारही बल्बना. आणि पुण्याला परत आलो.

आठवड्याने बाबांचा फोन. आजी रात्री अडीचला उठली, बोळातलं बटण दाबलं, दिवा लागला नाही. परत दाबलं, तरी नाही. तिला वाटलं लाइट गेली. अंधारात भिंत धरत निघाली, उंबऱ्याला पाय अडखळला आणि हातावर पडली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

बल्ब खराब झाला नव्हता. लाइटही गेली नव्हती. सगळं मी सांगितल्याप्रमाणेच चाललं होतं, हेच जास्त लागलं.

नेमकं काय झालं?

साधा बल्ब आणि भिंतीवरचं बटण यांचं नातं सरळ आहे. बटण चालू तर बल्ब चालू. स्मार्ट बल्बच्या पोटात मात्र एक छोटा रेडिओ आणि चिप असते. ती सतत वीज मागते, कारण फोनचा निरोप कधी येईल सांगता येत नाही. म्हणजे भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवायचं आणि बल्ब ॲपमधून बंद करायचा, अशी अपेक्षा असते.

आता आजीच्या जागी उभे राहा. ११ वाजता ॲपने बल्ब बंद केला, पण बटण चालूच आहे. आजीने बटण दाबलं म्हणजे खरं तर ते बंद केलं. काहीच झालं नाही. परत दाबलं, वीज आली. इथे बल्ब पेटायला हवा होता, बहुतेक स्मार्ट बल्ब मुळात तसेच येतात. पण मी त्याला सांगून ठेवलं होतं, 'आधी जसा होता तसाच राहा'. आधी तो बंद होता. म्हणून बंदच राहिला. आजीने दहा वेळा दाबलं असतं तरी अंधारच.

म्हणजे घरातल्या ज्या माणसाकडे स्मार्टफोन नाही, नेमका त्याच्याच हातातून मी दिवा काढून घेतला होता.

मग काय घ्यायचं?

दोन रस्ते आहेत. पहिला, स्मार्ट बल्ब. होल्डरमध्ये बसवला की झालं. भाड्याच्या घरात हाच बरा, खोली सोडताना काढून नेता येतो. घेताना होल्डर बघा. आपल्याकडे बहुतेक घरांत दोन पिनांचा असतो, पेचाचा बल्ब त्यात बसत नाही.

दुसरा, स्मार्ट स्विच. बोर्डाच्या आत, आहे त्याच बटणामागे एक छोटं मॉड्यूल बसवतात. बल्ब साधाच राहतो. फोननेही चालतो आणि बटणानेही, आणि नेट बंद असलं तरी बटण आपलं काम करतं. म्हाताऱ्या माणसांच्या घरात मी आता हेच सांगेन. अडचण एकच, बहुतेक मॉड्यूलना न्यूट्रलची वायर लागते. ज्या बोर्डात प्लगपॉइंट आहे तिथे न्यूट्रल असतेच. नुसत्या बटणांच्या जुन्या बोर्डात कधीकधी फक्त फेज आणलेली असते. हे काम वायरमनकडूनच करून घ्या. व्हिडिओ बघून बोर्ड उघडू नका, आत २३० व्होल्ट असतात.

नेट गेलं तर?

बऱ्याच वाय-फाय बल्बचा निरोप लांबून फिरून येतो. तुम्ही हॉलमध्ये बसून बटण दाबता, निरोप राउटरमधून कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून परत हॉलमधल्या बल्बकडे. नेट गेलं की मध्येच अडकतो. झिगबी नावाच्या पद्धतीत घरातच एक छोटा हब असतो आणि बल्ब त्याच्याशी थेट बोलतात. २०२२ मध्ये आलेलं मॅटर हे मानकही घरातल्या घरात चालावं याच हिशेबाने बनवलंय, शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकींशी जुळतात. खोक्यावर त्याचं चिन्ह असेल तर चांगलंच.

बल्ब जोडलाच जात नाही, अशी तक्रार फार येते. बरेचसे वाय-फाय बल्ब फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि आपला फोन ५ वर असतो. राउटरमध्ये २.४ चालू आहे ना बघा, फोन त्यावर घ्या आणि मग जोडा.

वीज वाचते का?

थोडी, पण हिशेब करून बघा. स्मार्ट बल्ब 'बंद' असतानाही थोडी वीज खातो. समजा अर्धा वॉट. वर्षभरात साधारण साडेचार युनिट झाले. दहा बल्ब म्हणजे जवळजवळ ४४ युनिट, तेही अंधारात बसून. ९ वॉटचा साधा एलईडी रोज पाच तास लावला तर वर्षाला साडेसोळा युनिट होतात. त्यामुळे नुसत्या बिलासाठी अख्खं घर स्मार्ट करू नका. जिथे दिवा विनाकारण रात्रभर जळतो, तिथेच उपयोग आहे.

आजीच्या बोळात आता काय आहे?

तिथला स्मार्ट बल्ब काढला. साधा एलईडी लावला, जुन्या बटणावर. आणि खाली, घोट्याच्या उंचीवर, एक चार्जिंगचा सेन्सर दिवा चिकटवला. ना वाय-फाय, ना ॲप. माणसाच्या अंगाची उष्णता हलताना त्याला कळते आणि तो पेटतो. लाइट गेली तरी चालतो. बाबा दर रविवारी दिवसा चार्जिंगला लावतात.

असा सेन्सर लावताना लक्षात ठेवा. समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवं जाणारं माणूस त्याला पटकन कळतं, म्हणून तो बाजूच्या भिंतीवर लावा. काचेच्या पलीकडचं त्याला दिसत नाही. आणि माणूस स्थिर बसलं की तो विझतो, म्हणून न्हाणीत किंवा संडासात एकट्या सेन्सरवर भरवसा नको. रात्रीचा उजेड पिवळसर आणि मंद ठेवा, २७०० केल्विनच्या आसपास. पांढऱ्याफेक प्रकाशाने झोप मोडते ती मोडतेच.

हॉलमधले आणि ओटीवरचे स्मार्ट बल्ब मात्र अजून आहेत. फक्त त्यांचं सेटिंग आता 'वीज आली की पेटायचं' असं केलंय. पहाटे कधी घर उजळलं तर उजळू दे.

जाता जाता तीन परीक्षा. तुमच्या घरी स्मार्ट दिवे असतील तर आज रात्रीच घ्या.

एक, ॲपमधून दिवा बंद करा आणि ज्याला ॲप माहीत नाही अशा माणसाला भिंतीवरून तो लावायला सांगा. मध्ये बोलू नका, नुसतं बघा.

दोन, राउटर बंद करा. दिवा लागतो का?

तीन, मेन स्विच बंद करून परत चालू करा. कुठला दिवा पेटला, कुठला नाही, बघा.

तिन्हींत पास झाला तर तो दिवा स्मार्ट. नाहीतर तो फक्त महाग आहे.

आजीचं प्लास्टर निघालंय. परवा गेलो तर बोळातल्या त्या छोट्या दिव्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा शहाणा आहे रे. ह्याला काही सांगावं लागत नाही."

तुमच्या घरी परीक्षेत कोण नापास झालं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!