निकाल ठरलेला असताना मतदान कशासाठी?

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या गावात ‘यंदा बिनविरोध करू’ अशी बोलणी सुरू होतात. अर्ज भरले जातात, छाननी होते आणि माघारीच्या दिवसापर्यंत जाणती मंडळी घरोघर फिरतात. एकाला सदस्यपद, दुसऱ्याला उपसरपंचपद कबूल केलं जातं. माघारीची मुदत संपताना जितक्या जागा तितकेच अर्ज उरले, तर निवडणूक निर्णय अधिकारी ते उमेदवार निवडून आल्याचं जाहीर करतो. मतदान होत नाही. खरी निवड आधीच ओसरीवर उरकलेली असते.

एकपक्षीय समाजवादी देशांतही खरी निवड अशीच आधी होत असे. फरक एवढाच की तिथं त्यानंतर मतदानही होई, आणि तेही मोठ्या थाटात.

सोव्हिएत संघात 12 डिसेंबर 1937 ला सर्वोच्च सोव्हिएतसाठी, म्हणजे तिथल्या संसदेसाठी, मतदान झालं. प्रत्येक जागेला एकच उमेदवार होता. पुढची पन्नास वर्षं हीच पद्धत टिकली. मतपत्रिकेवर काहीही न लिहिता ती पेटीत टाकली की मत ‘बाजूने’ धरलं जाई. विरोध करायचा तर नाव खोडावं लागे. त्यासाठी आडोशाला गेलेला माणूस सगळ्यांच्या नजरेत येई.

मग हा खटाटोप कशासाठी? पहिलं कारण मोजणीचं. कुठल्या भागात लोक मतदानाला येत नाहीत, कुठे नावं खोडली जातात, यावरून तिथला स्थानिक पक्षाधिकारी किती कामाचा हे वरच्यांना कळे. त्यामुळे तो अधिकारी मतदान शंभर टक्क्यांच्या जवळ नेण्यासाठी जिवाचं रान करी. लोकांनाही हे उमगलं होतं. छत गळतंय, दुरुस्त करा, नाहीतर मतदानाला येणार नाही, असं काही जण बजावत आणि कधी कधी दुरुस्ती होऊनही जाई. निवडणूक हे अर्ज-विनंतीचं एक खुलं दार होतं. शिवाय प्रत्येकाला रांगेत उभं करून ‘मीही यात आहे’ असं वदवून घेण्याचं कामही ती करी. सत्ता बदलणं हे मात्र तिचं काम नव्हतं.

व्हिएतनाममध्ये आज जागांपेक्षा उमेदवार थोडे जास्त असतात, पण पितृभूमी आघाडी या सत्ताधारी पक्षाच्या छत्राखालच्या संघटनेच्या चाळणीतून गेल्याशिवाय नाव मतपत्रिकेवर येत नाही. क्युबात नगरपातळीवर वस्तीच्या सभेत किमान दोन नावं सुचवली जातात. राष्ट्रीय संसदेसाठी मात्र जितक्या जागा तितकेच उमेदवार.

ही यंत्रणा कधी कधी उलटतेही. पूर्व जर्मनीत 7 मे 1989 च्या स्थानिक निवडणुकांत 98.85 टक्के होकार जाहीर झाला. पण काही नागरिक मतमोजणीला जाऊन बसले होते, आणि त्यांनी मोजलेले नकार अधिकृत आकड्यापेक्षा जास्त होते. खोटेपणा उघडा पडला. नोव्हेंबरात बर्लिनची भिंत कोसळली. त्याच वर्षी मार्चमध्ये सोव्हिएत संघात लेनिनग्राडचे पक्षप्रमुख युरी सोलोव्योव एकटेच उमेदवार असूनही हरले, कारण निम्म्याहून अधिक मतदारांनी त्यांचं नाव खोडलं.

आपल्या बिनविरोध गावात नाव खोडायची ही सोयसुद्धा उरत नाही. यंत्रच येत नाही, मग ‘नोटा’चं बटण कुठून येणार? उलट आपल्याकडे जे आहे ते सोलोव्योव यांच्या मतदाराकडे नव्हतं. कुणाच्याही परवानगीशिवाय इथं अर्ज भरता येतो. एका पक्षाचं अफाट वर्चस्व असतानाही हा हक्क टिकला. पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना 1972 मध्ये काँग्रेसने विधानसभेच्या 270 पैकी 222 जागा जिंकल्या, तरी विरोधकांची नावं मतपत्रिकेवर होतीच.

बिनविरोधानं खर्च वाचतो, भावकीतलं वैर टळतं, हे मला मान्य आहे. पण सहमती आणि सौदा यांत अंतर आहे. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथं सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघड झालं आणि राज्य निवडणूक आयोगानं दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. तुमच्या गावात बिनविरोधाची बोलणी सुरू झाली, तर ती ओसरीवर नको, सगळ्या गावासमोर करा असा आग्रह धरा, आणि ज्याला उभं राहायचं आहे त्याचा अर्ज राहू द्या.