व्यापारी घर आणि छात्रसेनेचा गणवेश

'शीव' या शब्दाचा अर्थच सीमा. सतराव्या शतकात इंग्रजांची हद्द येथे संपे आणि पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू होई. टेकडीवरील किल्ला त्या हद्दीच्या राखणीसाठी उभा राहिला. फाळणीनंतर पंजाब-सिंध सोडून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी शीव कोळीवाड्यात नवे संसार मांडले. सीमा आणि संरक्षण यांचे मोल या वस्तीला वेगळे सांगावे लागत नाही. तरीही शाळा-महाविद्यालये सुरू झाली की व्यापारी जैन घरांत एक प्रश्न निघतोच : मुलाला किंवा मुलीला एनसीसीत घालावे काय?

राष्ट्रीय छात्रसेना पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशीवरून, १९४८ च्या कायद्यान्वये स्थापन झाली. १९४९ मध्ये मुलींचा विभाग निघाला. पुढे हवाई व नौदल शाखांची भर पडली. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ती सक्तीची झाली, तर १९६८ पासून पुन्हा ऐच्छिक. 'एकता आणि अनुशासन' हे तिचे ब्रीद. छात्रावर सैन्यात जाण्याचे कोणतेही बंधन नाही, ही गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते.

प्रशिक्षणात कवायत, नकाशावाचन, प्रथमोपचार, .२२ रायफलने लक्ष्यवेध, आपत्तीप्रसंगीचे साहाय्य, रक्तदान व वृक्षारोपण यांचा समावेश असतो. शालेय छात्रांना 'ए', तर महाविद्यालयीन छात्रांना 'बी' व 'सी' प्रमाणपत्र मिळते. परीक्षेस बसण्यासाठी परेडची ७५ टक्के उपस्थिती लागते. 'सी' प्रमाणपत्र योग्य श्रेणीत मिळवणाऱ्या पदवीधरास लेखी परीक्षेविना थेट सेना निवड मंडळाच्या मुलाखतीची संधी असते. दहा दिवसांच्या वार्षिक शिबिरात पहाटे उठणे, स्वतःचे ताट धुणे, बूट चमकवणे, अनोळखी मुलांसह एका तंबूत राहणे हे सारे आलेच. घरी हाताखाली माणसे असलेल्या मुलाला हा धडा दुकानाच्या गादीवर मिळत नाही. २०२० च्या महामारीत 'योगदान' मोहिमेखाली ज्येष्ठ छात्रांनी स्वेच्छेने मदतकार्य केले, ते याच शिस्तीच्या बळावर.

पालकांचे आक्षेप मुख्यतः तीन. पहिला अहिंसेचा. जैन आचारशास्त्राने हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. गृहस्थाने संकल्पी हिंसा सर्वथा वर्ज्य करावी. संरक्षणार्थ घडणारी विरोधी हिंसा त्याच्या बाबतीत निराळी मानली आहे. श्रवणबेळगोळ येथे बाहुबलींची मूर्ती उभारणारा चामुंडराय सेनापती होता, आणि महाराणा प्रतापांच्या पाठीशी संपत्तीसह उभा राहिलेला भामाशाह जैन होता. शिवाय छात्राची गोळी कागदी लक्ष्यावर सुटते, कोणत्याही जिवावर नव्हे.

दुसरा आक्षेप आहाराचा, आणि तो क्षुल्लक नाही. रात्रीभोजनत्याग किंवा कंदमूळत्याग पाळणाऱ्या पालकांनी शिबिरापूर्वीच शाळेतील एनसीसी अधिकाऱ्यांना भेटून व्यवस्थेची स्पष्ट विचारणा करावी. जेथे व्यवस्था होणे शक्य नसेल तेथे काय करायचे, हे मुलाशी बोलून घरातच आधी ठरवावे. नियम लपवून पाठवलेले मूल तेथे एकटे पडते. नियम सांगून गेलेल्या मुलाला सोबती सांभाळून घेतात.

तिसरा आक्षेप वेळेचा. परेडची सकाळ शिकवणीला किंवा दुकानाला आड येते, हे खरे. पण जमाखर्चाचा हिशेब एका महिन्यावरून मांडत नाहीत. वक्तशीरपणा, सहकाऱ्याला सांभाळून घेणे आणि हुकूम देण्याआधी तो पाळायला शिकणे ही शिल्लक उद्या पेढीवर बसणाऱ्याच्या खात्यात आयुष्यभर राहते.

पूर्वजांनी समाजाला व्यापाराबरोबरच दानाची परंपरा दिली. धनाचे दान समाज आजही मुक्तहस्ते करतो. तरुण मुलामुलींनी काही वर्षे दिलेले श्रम आणि वेळ हेही दानच होय. यंदा प्रवेशाची सूचना फलकावर लागेल तेव्हा पालकांनी नकार देण्यापूर्वी मुलाचे म्हणणे एकदा शांतपणे ऐकावे.