उडून जाणारं खत आणि एक हट्टी आकडा

शिरूरमधलं न्हावरे असो की दौंडमधलं राहू, उसाच्या पट्ट्यात युरिया टाकल्यावर दोन-चार दिवसांनी कधीकधी नाकाला झोंबणारा वास येतो. सरीत ओल, डोक्यावर ऊन आणि खत उघड्यावर राहिलेलं. जाणते शेतकरी लगेच सांगतात, ‘मातीआड करा, नाहीतर उडून जाईल.’ उडतो तो अमोनिया. आणि युरिया बनतो तोही अमोनियापासूनच!

आपल्याकडची ‘उज्ज्वला’ युरियाची गोणी राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सची. त्यांचे कारखाने ट्रॉम्बे आणि अलिबागजवळच्या थळला आहेत. हवेतला नायट्रोजन एक भाग, नैसर्गिक वायूपासून काढलेला हायड्रोजन तीन भाग. दोन्ही मिळून अमोनियाचे दोन भाग. कागदावर हिशेब सरळ आहे. प्रत्यक्षात अमोनिया तयार होता होताच पुन्हा फुटूही लागतो.

दौंड जंक्शनवर उभ्या गाडीचा एक डबा डोळ्यांसमोर आणा. जितके चढतात तितकेच उतरायला लागले, की डब्यातली गर्दी तेवढीच राहते, माणसं मात्र बदलत असतात. रासायनिक समतोल म्हणजे हेच. बाहेरून सगळं शांत, आत ये-जा चालूच.

ही गर्दी किती, ते समतोल स्थिरांक सांगतो. वायूंसाठी तो काढायची रीत अशी: मिश्रणात प्रत्येक वायूचा स्वतःचा दाब, म्हणजे आंशिक दाब घ्यायचा. समीकरणात ज्याचे जितके भाग, तितका त्याचा घात. तयार होणारे वर, लागणारे खाली. म्हणजे वर अमोनियाच्या दाबाचा वर्ग. खाली नायट्रोजनचा दाब गुणिले हायड्रोजनच्या दाबाचा घन.

आकडे घालून पाहू. तापमान 400 अंश सेल्सिअस, एकूण दाब हवेच्या 200 पट. समतोल साधल्यावर मिश्रणात सुमारे 36 टक्के अमोनिया असतो. म्हणजे 200 पैकी अमोनियाचे 72. उरलेल्या 128 ची एकास तीन वाटणी: नायट्रोजन 32, हायड्रोजन 96. आता 72 चा वर्ग 5,184. खाली 32 गुणिले 96 चा घन, म्हणजे सुमारे 2 कोटी 83 लाख. भागाकार आला सुमारे 0.00018.

हाच आकडा धरून दाब हवेइतकाच ठेवला, तर अमोनिया अर्धा टक्काही मिळत नाही. चार भागांचे दोन होतात, त्यामुळे दाबलं की मिश्रण कमी जागेच्या बाजूला, म्हणजे अमोनियाकडे सरकतं. स्थिरांक मात्र जागचा हलत नाही. त्याला हलवते ती फक्त उष्णता. ही प्रक्रिया उष्णता बाहेर टाकते, म्हणून तापमान वाढवलं की तो घसरतो: 200 पट दाबालाच 500 अंशांवर अमोनिया 18 टक्क्यांच्या आसपास येतो. मग थंडच का ठेवत नाहीत? कारण थंडीत प्रक्रिया रखडते. लोखंडाचा उत्प्रेरक वेग वाढवतो, पण दोन्ही दिशांनी सारखाच.

जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये या कोंडीतून वाट काढून दाखवली. कार्ल बॉश यांनी ती कारखान्यात उतरवली आणि 1913 मध्ये ओपाऊला उत्पादन सुरू झालं. युक्ती अशी, की समतोल टिकूच द्यायचा नाही. तयार झालेला अमोनिया गार करून, द्रवरूपात काढून घ्यायचा आणि उरलेले वायू पुन्हा भट्टीत फिरवायचे. अमोनिया निघाला की प्रक्रिया त्याची भरपाई करायला धावते.

उसाच्या सरीतही हेच घडतं, फक्त आपल्या तोट्याचं. युरियापासून मातीत अमोनियम तयार होतं. ते आणि अमोनिया यांच्यात अशीच ये-जा चालते. आपल्या चुनखडीच्या, विम्ल जमिनीत तोल अमोनियाकडे झुकतो. वारा तो उडवून नेतो, की त्याच्या भरपाईला अमोनियममधून आणखी तयार होतो. 45 किलोच्या गोणीत जेमतेम पावणेएकवीस किलो नायट्रोजन. त्यातलाच वाटा हवेत जातो.

कारखाना अमोनियाला मुद्दाम वाट करून देतो. शेतकऱ्याला ती बुजवायची असते, आणि त्याला खोऱ्याभर माती पुरते.