खासगीपणाचे निवेदन कसे लिहावे?

मोबाईलवरील अ‍ॅपचे खासगीपणाचे धोरण लिहू पाहणाराने वकिलाकडे धावण्यापूर्वी आपल्याच अ‍ॅपची झडती घ्यावी. ते कोणती माहिती घेते, कशासाठी घेते, कोणाला देते, केव्हा पुसते? २०२३ च्या भारतीय कायद्यातच एक मार्मिक उदाहरण आहे. दुरून वैद्यकीय सल्ला देणारे अ‍ॅप रोग्याच्या फोनमधील नावांची यादीही मागते. रोग्याने दोहोंना होकार दिला, तरी ती संमती सल्ल्यापुरतीच धरावयाची. ताप उतरविण्यास मेव्हण्याचा नंबर कशाला हवा? अशी मागणी धोरणाच्या गर्दीत दडवू नये. अ‍ॅपमधूनच काढून टाकावी. संमतीची विनंती सुबोध असावी, इंग्रजीत किंवा मराठीसह आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचता यावी, आणि दिलेली संमती तितक्याच सहजपणे परत घेता यावी, असेही तो कायदा सांगतो. होकाराचे बटण ठसठशीत नि नकाराची वाट सातव्या पानावर, हे त्यात बसत नाही.