आजन्म म्हणजे कुणाचा जन्म?

श्रावण लागला की रत्नागिरीत नळवाल्यांना दिवस पुरत नाही. मुंबईकरांची बंद घरे गणपतीआधी उघडतात आणि वर्षभर मुकाट बसलेले नळ, पंप, टाक्यांचे व्हॉल्व्ह एकदम बोलू लागतात. चाकरमानी तिकडे गाडीत बसायच्या आधीच फोन करतो, "आम्ही पोचायच्या आत पाणी चालू पाहिजे हां." अशाच धांदलीत एका सकाळी आमच्या आळीतला प्लंबर ओटीवर येऊन उभा राहिला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी. मला वाटले, बांगडे आणले असावेत. उलगडले तर आत चौदा इंची पाईप पाना, वरचा जबडा मधोमध मोडलेला.

"काका, तुम्ही बँकेत होतात ना? मग हे वाचा," म्हणत त्याने एक चुरगळलेला पुठ्ठा पुढे केला. पाना ज्या पुठ्ठ्यावर बांधून आला होता तोच. त्यावर सोनेरी अक्षरांत इंग्रजीत लिहिले होते, लाईफटाईम वॉरंटी.

साधा पाना याच्या निम्म्या किमतीत मिळत होता. बायकोशी वाद घालून त्याने हा घेतला, तो त्या दोन शब्दांसाठी. म्हणजे वॉरंटी फुकट मिळाली नव्हती. तिचे पैसे त्याने आधीच मोजले होते. आणि आता दीड वर्षात जबडा गेला होता.

बँकेत जन्म काढलेल्या माणसाला 'आजन्म' हा शब्द जरा दचकवतो. आम्ही कुणासाठी हमीपत्र दिले तर त्यावर रक्कम आणि शेवटची तारीख या दोन गोष्टी आधी बघत असू. तारीख नसलेला कागद टेबलावरून पुढे सरकत नसे. बोलताना आपण ग्यारंटी आणि वॉरंटी एकाच मापात मोजतो, पण कायद्यात त्यांची घरे वेगळी आहेत. १८७२ च्या करार कायद्यातल्या हमीत तीन माणसे लागतात : पैसे देणारा, घेणारा आणि मध्ये उभा राहिलेला जामीनदार. वॉरंटी ही १९३० च्या माल विक्री कायद्यातली, मुख्य सौद्याला जोडून दिलेले वचन. ते मोडले तर भरपाई मागता येते, पण तेवढ्या कारणावरून सौदाच मोडता येत नाही.

बरे, आजन्म म्हणजे कुणाचा जन्म? घेणाऱ्याचा? कंपनीचा? की त्या पान्याचा? पान्याचा धरला तर मोठीच गंमत. पाना मोडला तेव्हाच त्याचा जन्म संपला, आणि त्याच्याबरोबर वॉरंटीही! ही शंका माझी एकट्याची नाही. अमेरिकेत १९७५ साली वॉरंटीसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९८५ मध्ये जाहिरातदारांसाठी जी मार्गदर्शक सूत्रे काढली, त्यांत हेच सांगितले आहे. 'लाईफटाईम' म्हणता ना, मग कुणाचे आयुष्य ते लिहा. उदाहरण मोटारीच्या सायलेन्सरचे आहे : गाडी तुमच्याकडे असेपर्यंत, असे स्पष्ट म्हणा. आमच्या प्लंबरच्या पुठ्ठ्यावर असले काही नव्हते. मागच्या बाजूला मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत एवढेच होते, की वॉरंटी उत्पादनातल्या दोषापुरती. झीज, गंज आणि गैरवापर यांना लागू नाही. खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या माणसाला गंज वगळून आजन्म!

अमेरिकेचा विषय निघाला म्हणून सांगतो. माझा एक आतेभाऊ १९८० च्या दशकात मिशिगनला होता. तिथे सिअर्स नावाची दुकानांची मोठी साखळी होती आणि 'क्राफ्ट्समन' हा तिचा हत्यारांचा ब्रँड १९२७ पासूनचा. त्या हातहत्यारांची वॉरंटी एका वाक्यात मावत असे : समाधान झाले नाही तर परत आणा, बदलून देऊ. बिल विचारत नसत. या आमच्या बंधुराजांनी कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत पाव डॉलरला एक मोडका पाना घेतला, दुकानात नेला आणि नवा कोरा घेऊन बाहेर आले. रत्नागिरीला आल्यावर ही कथा त्यांनी जेवताना सांगितली. माझे वडील ताक ओरपत म्हणाले, "मग त्यांना परवडतं कसं?"

मला उत्तर बरेच उशिरा, बँकेच्या खुर्चीत बसल्यावर कळले. सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागायला येत नाहीत, यावरच बँक चालते. तसेच हे. शंभर पान्यांतले मोडतात थोडे. मोडलेल्यांतले हरवतात काही, आळसाने माळ्यावर जातात काही, आणि जो बदलून घ्यायला दुकानात येतो तो रिकाम्या हाताने सहसा बाहेर पडत नाही. बिल न मागण्यातला विश्वास हीच त्या दुकानाची जाहिरात होती. पुढे २०१७ मध्ये क्राफ्ट्समन हा ब्रँड स्टॅनली ब्लॅक अँड डेकर या कंपनीने घेतला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सिअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. वचन नव्या मालकाकडे गेले, पण ज्या काउंटरवर मोडका पाना ठेवायचा ती काउंटरे एकेक करून बंद होत गेली.

काउंटर! सगळी मेख तिथे आहे. आम्ही दोघे बाजारपेठेत त्या दुकानात गेलो. दुकानदार माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या वर कोल्हापूरचा वितरक, त्याच्या वर कंपनी. "कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा येतो. ठेवून जा," तो म्हणाला. मग पान्याकडे बघून हळूच, "दांड्यात पाईप घातला असणार ह्यानं. ते वॉरंटीत बसत नाही."

आता हे दांड्यात पाईप घालणे काय असते ते घरगुती वाचकांसाठी सांगायला हवे. जाम झालेला सांधा हाताच्या जोराने सुटत नसला की पान्याच्या दांड्यावर पोकळ पाईप चढवून तो लांब करतात. जोर दुपटीतिपटीने वाढतो. कंपन्यांच्या लेखी हा गैरवापर. गंमत म्हणजे या पान्याचा जन्मच अशा आडदांड परीक्षेतून झालेला. डॅनियल स्टिलसन नावाच्या अमेरिकन कारागिराने १८६९ साली त्याचे पेटंट घेतले. त्याने नमुना करून मालकाला दाखवला तेव्हा मालक म्हणाला, जा, एक तर पाईप पिळून तोड, नाही तर पाना मोड. पाईप तुटला, अशी गोष्ट सांगतात.

आमच्या पोराने पाईप घातला होता की नाही? मी त्याला सरळ विचारले. तो म्हणाला, "काका, कधीमधी घालतो. खोटं कशाला बोलू? पण ह्या दिवशी नाही. अर्धा इंची नळ होता." मला ते उत्तर आवडले. पण कंपनीला माझ्या आवडीचे काय?

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत वर्कशॉप असलेले एक ओळखीचे गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे पाना नेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मोडलेला भाग उजेडात फिरवला आणि दोन मिनिटांत निकाल दिला. दांडा सरळ होता, जरासुद्धा वाकलेला नव्हता. जोरजबरदस्ती झाली असती तर त्याची काहीतरी खूण तिथे राहिली असती. जबड्याच्या तुटलेल्या तोंडावर दोन रंग होते. बाहेरची बाजू काळपट, आतली ताज्या पोलादाची चकाकती, दाणेदार. "काळी बाजू जुनी आहे. भेग आधीपासून होती. घडवताना राहिली असेल, नाहीतर पाणी देताना. ह्या पोराने फक्त उरलेला अर्धा मोडला."

पाणी देणे हा शब्द ऐकला आणि मी साठ वर्षे मागे गेलो. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी लोहाराची शाळा होती. लोहाराच्या कामाच्या जागेला आम्ही शाळाच म्हणत असू. तापून लाल झालेली कोयती चुर्र करून पाण्यात बुडाली की आम्ही पोरे मागे सरकत असू. पाणी जास्त लागले तर धार चिरते, कमी लागले तर दुमडते, हे तो रंगावरून ओळखायचा. नारळाच्या झावळ्या तोडताना कोयती दुमडली तर आजोबा मला पिटाळत. लोहार कोयती हातात घेऊन एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "धोंड्यावर मारलीस ना?" आणि तरी ती भट्टीत घालायचा. कार्ड नाही, बिल नाही. सुगीला त्याच्या घरी भात जाई, त्यात सगळे आले.

या व्यवहाराचे तपशील वाचायचे असतील तर त्रिंबक नारायण आत्रे यांचे १९१५ सालचे 'गावगाडा' आहे. (सरकारच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा फोन नंबरही १९१५ आहे. योगायोग, दुसरे काय!) पण म्हणून मी त्या भट्टीवर आरती ओवाळणार नाही. लोहाराला 'नाही' म्हणायची सोय नव्हती, दर वाढवायची तर नव्हतीच. त्याच्या मुलाने मुंबईची वाट धरली आणि त्याला कुणी दोष दिला नाही. म्हातारा गेला, भट्टी विझली. ती वॉरंटी मात्र खरोखर आजन्म होती, त्याच्या जन्मापुरती.

तर आम्ही अर्ज करायचे ठरवले. पहिली अडचण बिलाची. ते होते, जपून ठेवलेले होते, पण कोरे होते. हल्लीचे बिल रसायन लावलेल्या कागदावर उष्णतेने छापतात. आमच्याकडचा एक पावसाळा आणि एक मे महिना त्याला पुरतो. आजन्म वचनाचा पुरावा वर्षभरात पुसला जातो, हे मला कादंबरीतही सुचले नसते. दुकानदाराने संगणकातून दुसरी प्रत काढून दिली. मी तिची लगेच झेरॉक्स केली.

दुसरी अडचण प्लंबरच्या मनातली. "धंद्याची वस्तू आहे काका, मला ग्राहक कोण म्हणणार?" १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेला माल बाहेर ठेवला होता खरा. पण १९९३ च्या दुरुस्तीने खुलासा घातला की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी धरायची नाही. २०१९ च्या नव्या कायद्यातही तो खुलासा आहे. शिवाय आता तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. पाना घेऊन कुणी आयोगापुढे जायचे नसते, पण जाता येते हे माहीत असले की पत्राची भाषा बदलते.

हे पत्र लिहिताना मला माझे पहिले मॅनेजर आठवले. १९८० च्या दशकातली गोष्ट. कर्ज थकलेल्या एका सुताराविरुद्ध बँकेला हुकूमनामा मिळाला होता आणि जप्तीसाठी मी मोठ्या उत्साहाने यादी केली : रंधा, पटाशी, करवत, गिरमिट. मॅनेजरांनी सगळ्या यादीवर लाल रेघ मारली. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६०, कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. मग मान वर न करता म्हणाले, "रंधा उचलून आणलास तर तो हप्ता कशानं फेडणार, दातांनी?" १९०८ सालच्या कायद्याला कळलेली ही गोष्ट मला तेव्हा कळत नव्हती. कारागिराच्या हातात साधन हवे हे सरकारलाही पटलेले आहे. १९९२ ला ग्रामीण कारागिरांसाठी दोन हजारांपर्यंतच्या हत्यारसंचाची योजना आली, २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत पंधरा हजार रुपये आहेत.

पत्रासोबत तीन फोटो जोडले. मोडलेल्या तोंडाचे दोन, सरळ दांड्याचा एक. पत्ता पुठ्ठ्यावरच होता. मालाच्या वेष्टनावर तो छापणे बंधनकारक आहे, आणि वेष्टन हीच आपण सगळ्यांत आधी फेकतो अशी वस्तू. अकरा दिवसांनी उत्तर आले. मोडका पाना स्वखर्चाने कुरिअरने पाठवा, तपासून कळवू.

तोवर गणपती दारात आले होते. पोराने दुसऱ्या प्लंबरचा पाना संध्याकाळपुरता मागून कामे उरकली. बदल्यात त्याच्या दोन टाक्यांच्या जोडण्या फुकट करून दिल्या. तीन घरे हातची गेली, त्यांतले एक कायमचे. हिशेब मांडला तर पान्याच्या किमतीपेक्षा नुकसान जास्त होते. वॉरंटीत पोलाद परत मिळते, दिवस मिळत नाहीत. लोहाराची "उद्या सकाळी ये" ही अट कुठल्याही पुठ्ठ्यावर छापलेली मी पाहिली नाही, आणि हातावर पोट असलेल्याला नेमकी तीच हवी असते.

अनंत चतुर्दशी झाल्यावर आठवड्याने खोके आले. आत नवा पाना, आणि दोन ओळींचे पत्र : उत्पादनातला दोष मान्य. मला एकदम कर्ज मंजूर झाल्यासारखे वाटले.

खंडेनवमीला तो प्रसाद घेऊन आला. हत्यारांची पूजा मांडली होती, बघायला चला म्हणाला. पाटावर पक्कड, हातोडी, करवत, नवा पाना, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुले. शेजारी एक जुनाट, स्वस्तातला, रंग उडालेला पाईप पानाही होता.

"हा कुठला?"

"घेतला जुन्या बाजारातून. पुढच्या गणपतीला नवा मोडला तर काय करू?" मग जरा थांबून म्हणाला, "आणि काका, ती बिलाची झेरॉक्स तुमच्याकडेच असू दे. आमच्या घरात गळतं."