हौसेच्या मोटारीचा खप

नारळी पौर्णिमा उलटली म्हणजे पालघर तालुक्यांतील दांडी, उच्छेळी, नवापूर या गांवांच्या होड्या पुन्हां समुद्रांत जातात. जून-जुलैच्या बंदींत विसावलेल्या पाण्यांत पहिल्या कांहीं फेऱ्यांना मासळी चांगली लागते. पुढें तींच जाळीं, तेच खलाशी आणि तीच मेहनत असूनहि टोपल्या हलक्या होत जातात. पहिल्या पंधरवड्याच्या मिळकतीवर साऱ्या वर्षाचा हिशोब मांडणारा तांडेल त्या किनाऱ्यावर शहाणा गणला जाणार नाहीं. मोटारींच्या धंद्यांत मात्र मोठमोठ्या कारखानदारांनाहि या हिशोबाचा मोह पडतो, आणि तो सर्वांत महाग पडतो एका विशिष्ट जातीच्या गाडीच्या बाबतींत. ती जात म्हणजे बेताच्या किंमतीची स्पोर्ट्स कार.

फेरारीसारख्या धनिकांच्या गाड्या मुद्दामच थोड्या काढतात. त्यांचा खप हा बराचसा कारखान्याच्या मर्जीचा प्रश्न असतो. येथें विचार आहे तो पगारदार मनुष्यास हप्त्यांनीं घेतां येईल अशा ठेंगण्या, चपळ, बहुधा दोनच आसनांच्या गाडीचा. कुटुंबाच्या गाडीहून तिचा स्वभाव मुळांतच निराळा. तारापूरच्या अणुवीज केंद्रांत किंवा बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत काम करणारा गृहस्थ पहिली मोटार घेतो तेव्हां म्हातारे आईवडील, मुलांचीं दप्तरें, पालघरचा बाजार आणि दिवाळींतील मुंबईची खेप हें सारें त्याच्या डोळ्यांपुढें असतें. तो शेजाऱ्यास विचारतो, वर्ष-दोन वर्षें थांबतो, गाडी टिकते कीं नाहीं तें पाहतो आणि मगच पैसे मोजतो. म्हणून चांगल्या कुटुंबगाडीचा खप सावकाश चढतो. आणि एकदां चढला म्हणजे पुष्कळ वर्षें टिकतो, कारण जुनी गाडी झिजली कीं तेंच गिऱ्हाईक पुन्हां त्याच दुकानीं येतें. हौसेच्या गाडीचें गिऱ्हाईक थांबत नाहीं. त्यानें मासिकांतील चित्र पाहून सहा महिने आधींच मन ठरविलेलें असतें. अशी सारी उतावीळ मंडळी पहिल्या दोन वर्षांत येऊन जाते, आणि त्यानंतर दुकानाचें दार ओस पडूं लागतें.

या उतरणीचा सर्वांत स्पष्ट आलेख जपानांतील हिरोशिमा येथील माझदा कंपनीच्या एमएक्स-५ या गाडीच्या आंकड्यांत दिसतो. उघड्या टपाची ही दोन आसनांची गाडी १९८९ सालीं बाजारांत आली. १९९० सालीं कारखान्यांतून सुमारें ९५ हजार गाड्या बाहेर पडल्या. १९९१ सालीं सुमारें ६३ हजार, १९९२ सालीं ५२ हजार, आणि असें उतरत उतरत १९९७ सालीं अवघ्या २७ हजार. गाडी वाईट झाली होती काय? मुळींच नाहीं, उलट मध्यंतरीं तिला १६०० ऐवजीं १८०० घन सेंटिमीटरांचें अधिक जोरकस इंजिन मिळालें होतें. १९९८ सालीं तिचा दुसरा अवतार आला आणि आंकडा एकदम ५८ हजारांवर गेला. २००४ पर्यंत तो पुन्हां २४ हजारांवर घसरला. तिसऱ्या अवतारानंतर, २००६ सालीं, तो ४८ हजार झाला. करवतीच्या दांत्यांसारखी ही रेघ आहे, आणि नीट पाहिलें तर तिचा प्रत्येक दांता आधींच्याहून बुटका आहे. तरी माझदानें गाडी सोडली नाहीं. २०१६ च्या एप्रिल महिन्यांत तिच्या एकूण उत्पादनानें दहा लाखांचा टप्पा गांठला.

सुधारलेली गाडी कमी कां खपावी, हें कोडें वाटतें तितकें अवघड नाहीं. पहिली गोष्ट, हौशी मनुष्य ही गाडी रविवारीं चालवितो. ती झिजत नाहीं, म्हणून तो दुसरी घेत नाहीं. दुसरी गोष्ट अधिक गमतीची आहे. तीन-चार वर्षांनीं घरांत पाळणा हलतो, दोन आसनें अपुरीं पडतात आणि फारशी न वापरलेली ती गाडी जुन्या बाजारांत येते. दिसावयास ती कारखान्यांतून निघणाऱ्या गाडीसारखीच, किंमत मात्र बरीच कमी! म्हणजे या जातीच्या गाडीची खरी स्पर्धा परक्या कंपनीशीं नसून तिच्याच थोरल्या बहिणीशीं असते. शिवाय जिच्याकडे रस्त्यावरील माणसें वळून पाहतात अशी गाडी हवी, ही इच्छा खरेदीच्या मुळाशीं असते. आणि गल्लोगल्लीं दिसूं लागलेल्या गाडीकडे कोणी वळून पाहत नाहीं. पहिल्या वर्षाचा मोठा खप असा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या खपास खाऊन टाकतो.

अमेरिकेंतील फोर्ड कंपनीची मस्टँग ही या जातींतील सर्वांत गाजलेली गाडी. १७ एप्रिल १९६४ रोजीं ती न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत लोकांपुढें आली. किंमत २,३६८ डॉलरांपासून. पहिल्या बारा महिन्यांत ४ लाख १८ हजारांवर गाड्या विकल्या गेल्या, आणि १९६६ च्या नमुन्याच्या ६ लाखांहून अधिक निघाल्या. तिला मागेंहि आसनें होतीं, त्यामुळें ती थोडीबहुत संसारी माणसासहि घेतां येई. तरीहि १९७० पर्यंत आंकडा दोन लाखांखालीं आणि १९७३ पर्यंत सुमारें १ लाख ३५ हजारांवर आला. दरम्यान ती दरसाल लठ्ठ होत गेली होती, हाहि दोष होताच. १९७४ सालासाठीं फोर्डनें अगदीं लहान अशी नवी मस्टँग काढली. त्याच सुमारास तेलाचे भाव भडकले, आणि खप ३ लाख ८५ हजारांवर गेला. यांत शहाणपण किती आणि दैव किती, हें सांगणें कठीण. पण एक शहाणपण निश्चित होतें. पहिल्या मस्टँगचे पुष्कळसे भाग फोर्डच्याच फाल्कन नांवाच्या साध्या कुटुंबगाडीचे होते. त्यामुळें खप पडला तरी यंत्रसामग्री निकामी झाली नाहीं.

या धंद्याचें मर्म याच ठिकाणीं आहे. उतरण चुकवितां येत नाहीं. ती स्वस्त करतां येते. इंजिन दुसऱ्या गाडीचें घ्यावें, भाग दुसऱ्या गाडीचे घ्यावे, जमल्यास दुसरी कंपनीहि भागीदार करावी. टोयोटा व सुबारू यांनीं २०१२ सालीं एकच गाडी दोन नांवांनीं काढली. माझदानें २०१६ पासून कांहीं वर्षें आपल्या कारखान्यांत फियाटसाठींहि अशी गाडी बांधली.

भारतांत ही रेघ फार दिवस दिसलीच नाहीं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत १९६४ पासून निघणारी फियाट, पुढची पद्मिनी, मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षें नंबर लावून बसत. जेथें माल कमी आणि रांग लांब, तेथें खपाचा आंकडा लोकांची आवड सांगत नाहीं, कारखान्याची ताकद तेवढी सांगतो. ती बंधनें सैल झाल्यावर, १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, गोव्यांत तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनांची उघडी गाडी आली. तिचें अंग फायबरचें होतें, कारण पोलादी पत्रा दाबण्याचे सांचे फार महाग आणि ते लाखावर गाड्या निघाल्या तरच परवडतात. इंजिन रेनो कंपनीचें, ११४९ घन सेंटिमीटरांचें, साठेक अश्वशक्तीचें. धाडस कौतुकास्पद होतें. पण उतरणीच्या वर्षांत आधार द्यावयास त्या कारखान्याजवळ फाल्कनसारखी दुसरी गाडी नव्हती, आणि स्टॉर्म रस्त्यावर दुर्मिळच राहिली.

पुणें जिल्ह्यांतील कारखान्यांनीं दुसरा मार्ग धरला. रांजणगांव येथें फियाटनें २०१५ सालीं आपल्या पुंटो या संसारी गाडींत १४५ अश्वशक्तीचें इंजिन बसवून तिची आबार्थ केली. किंमत दहा लाखांच्या आसपास. चाकण येथें फोक्सवॅगननें २०१३ पासून पोलोची जीटी काढली. दोहोंत जोरकस आबार्थच. पण करव्यवस्थेनें कौल जीटीला दिला. चार मीटरांहून आंखूड व १२०० घन सेंटिमीटरांच्या आंतील पेट्रोल इंजिनाच्या गाड्यांवर कर कमी असतो. जीटीचें इंजिन त्या मर्यादेंत बसलें, आबार्थचें १४०० च्या घरांतील इंजिन बसलें नाहीं. पुढें फियाटनें भारतांतील मोटारविक्रीच आवरली आणि आबार्थ तिच्याबरोबर गेली. जीटी मात्र पोलोच्या सावलींत नऊ वर्षें तगली, कारण ती थोडी खपली तरी चाकणचा सांचा साध्या पोलोसाठीं चालूच होता. याच पोलोची खरी स्पोर्ट्स आवृत्ति, जीटीआय, २०१६ सालीं परदेशांतून आणली होती ती अवघी ९९. किंमत २६ लाखांच्या जवळपास, आणि तेवढ्यांसाठींहि वर्षभरांत सहा लाख उतरवावे लागले.

२०२२ सालीं पोलो बंद करतांना ७०० गाड्यांची निरोपाची ‘लेजंड’ आवृत्ति काढण्यांत आली. त्याच वर्षीं चाकणला व्हर्टस ही चार दरवाजांची गाडी सुरू झाली. तिच्या मागच्या आसनावर आजीआजोबा बसूं शकतात, सामानास मोठी जागा आहे, आणि १५० अश्वशक्तीचें इंजिन हवें असेल त्यास तेंहि, जीटी या नांवानें, त्याच गाडींत मिळतें.